ट्रक ओढत नाही? नोझल-टर्बोला हात घालण्याआधी या चुका टाळा

कळंबोलीहून स्टीलची कॉइल भरून निघालेला ट्रेलर बोरघाटात एरवीपेक्षा एक-दोन गिअर खाली मागू लागला, की गॅरेजमध्ये दोनच नावं निघतात: नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर) आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग). दोन्ही महाग आणि बऱ्याचदा दोन्ही निर्दोष. पॉवर पडली की चारच ठिकाणी शोधायचं असतं. हवा आत येत नाही, डिझेल पुरेसं पोचत नाही, धूर बाहेर पडत नाही किंवा ईसीएमनं (इंजिनाच्या कॉम्प्युटरनं) स्वतःच पॉवर कापली आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) गेलं असेल तर तो हळूहळू वाढत जाणारा आजार असतो. इंजिन ऑइल खातं, ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर सोडतं. कालपर्यंत धड चाललेल्या गाडीचं कॉम्प्रेशन सहसा एका रात्रीत जात नाही. आणि ‘घाटात हवा पातळ असते’ हे कारण तर सोडूनच द्या. लोणावळा सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर आहे, तेवढ्यानं टर्बो इंजिनाला जाणवण्याइतकं काही होत नाही.

बॉनेटकडे वळण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. चढावर आरपीएम वाढतो पण स्पीडोमीटरचा काटा वर जात नाही, म्हणजे क्लच घसरतोय. दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबल्यावर एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल, तर ब्रेक धरून राहिलाय. (हब पकडू नका, हाताची मागची बाजू नुसती जवळ न्या.) मग स्कॅनर (ईसीएममधले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून रेसचं पेडल पूर्ण दाबा आणि आकडा 100 टक्क्यांपर्यंत जातो का ते पाहा. पेडलखाली घुसलेल्या मॅटनंही गाडी मरगळते.

कोड पुसायची घाई

स्कॅनर लागला की पहिलं बटण दाबलं जातं ते ‘क्लिअर’चं. गाडी दोन दिवस बरी चालते आणि पुराव्यावर पाणी पडतं. आधी चालू आणि जुने, दोन्ही प्रकारचे कोड लिहून घ्या. कोड पडला त्या क्षणीचा आरपीएम, लोड आणि तापमान हेही नोंदवा.

दुसरी चूक म्हणजे रिकामी गाडी यार्डात रेस करून ‘टर्बो हवा देत नाही’ असा निकाल देणं. बूस्ट (टर्बोनं तयार केलेला हवेचा दाब) लोडवरच तयार होतो, उभ्या गाडीला जोरात रेस करून तो कधीच पूर्ण दिसत नाही. गाडी भरलेली ठेवा, चढावर पेडल पूर्ण दाबा आणि बूस्ट, ईसीएमनं मागितलेलं व प्रत्यक्ष रेल प्रेशर (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक पाइपमधला, म्हणजे कॉमन रेलमधला दाब), कूलंट आणि इनटेकचं तापमान रेकॉर्ड करा. आयडलला रेल प्रेशर साधारण 300 ते 500 बार असतं, पूर्ण लोडवर आजच्या इंजिनांत 1600 बार किंवा त्याच्याही वर जातं. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्या. लोड वाढेल तशी मागणी आणि प्रत्यक्ष यांतली दरी वाढत गेली, तर डिझेलकडे जा. रेल बरोबर आणि बूस्ट कमी असेल तर हवेकडे.

हवा

एअर फिल्टर काढून कॉम्प्रेसरची हवा मारणं ही सगळ्यांत जुनी खोड. कागद फाटतो, बारीक धूळ टर्बोच्या पात्यांवर जाते आणि नंतर पिस्टन रिंगा खाते. रिस्ट्रिक्शन इंडिकेटर (फिल्टर तुंबल्याचं दाखवणारी खूण) लाल झाला की बाहेरचा फिल्टर बदला. बऱ्याच इंजिनांत ही मर्यादा 635 मिलिमीटर वॉटर कॉलमच्या (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेल्या ओढीच्या) आसपास असते. आतला सेफ्टी फिल्टर साफ करायचाच नसतो, तो फक्त बदलायचा. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतला थर सुटलेला असेल तर पूर्ण आरपीएमला तो आत ओढला जातो. उभ्या गाडीत हे कळत नाही. होज काढा, आत टॉर्च मारा, बोट फिरवा.

टर्बोनंतरचा दोष सर्वांत जास्त वेळा सुटतो. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजवर क्लिपच्या कडेनं तेलकट धुळीची काळी रेघ दिसली, तर हवा तिथूनच निसटते आहे. खात्रीसाठी दोन्ही तोंडं बंद करून 30 पीएसआय हवा भरा, पुरवठा तोडा आणि 15 सेकंद गेज बघा. साधारण 5 पीएसआयपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे. साबणाचं पाणी मारा. बूच साखळीनं बांधल्याशिवाय हे करू नका, सुटलेलं बूच जीव घेऊ शकतं.

टर्बोची शाफ्ट हलवून ‘खेळ आला’ म्हणणाऱ्यांनाही थांबवा. आडवा थोडा खेळ असतोच. शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं हाताला खेळ जाणवला किंवा पाती हाऊसिंगला घासल्याच्या खुणा दिसल्या, तरच टर्बो उतरवा.

डिझेल

सुरुवातीला चांगली ओढते, वीस-तीस मिनिटांनी दम सोडते, बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलं की पुन्हा बरी. असं होत असेल तर नोझल उतरवू नका. टाकीतल्या सक्शन पाइपच्या जाळीवर कचरा चिकटतोय किंवा टाकीचा व्हेंट बंद आहे. गाडी मरगळलेली असतानाच टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज होऊन पिकअप परतला, तर खर्च एका झाकणाचा.

सक्शन लाईन हवा घेते का, हे पाहायला फीड पंपाच्या आधी पारदर्शक पाइपचा तुकडा जोडा. बुडबुडे अखंड येत राहिले, तर टाकीकडे सरकत प्रत्येक जोड, वॉशर आणि वॉटर सेपरेटरचं सील बघा. सक्शनला डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत येते. जोड कोरडा दिसला म्हणून सोडू नका. मग फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर मोजा. फरक मोठा आला तर फिल्टर चोक.

पावसाळ्यात सेपरेटरचा कॉक रोज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी उघडून पाणी काढा. नवा फायनल फिल्टर बाटलीनं डिझेल ओतून भरू नका. ते गाळलेलं नसतं, त्यातला कण थेट पंपात आणि नोझलमध्ये जातो. हँड प्रायमरनंच भरा, भले हात दुखले तरी.

जुन्या इनलाइन पंपाच्या सवयीनं कॉमन रेलचा पाइप चालू इंजिनवर ढिला करून ‘कुठला सिलिंडर मिस मारतोय’ ते पाहणं ही सर्वांत धोकादायक चूक. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, तरी वेळ न घालवता हॉस्पिटल गाठावं लागतं. सिलिंडर तपासायला स्कॅनरमधली कटआउट टेस्ट (एकेक सिलिंडर बंद करून पाहणं) आहे, इंजेक्टरसाठी रिटर्न (टाकीकडे परत जाणारं) डिझेल मोजण्याची टेस्ट आहे. एका इंजेक्टरचं रिटर्न बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त असेल, तर फक्त तोच उतरवा.

धूर बाहेर पडतोय का?

घाटात चालणाऱ्या गाड्यांचा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी आवरणारा) आधी तपासा. खंडाळ्याहून उतरताना वापरलेला बटरफ्लाय व्हॉल्व्ह कार्बननं अर्धवट अडकला, तर पुढच्या चढाला इंजिन बांधल्यासारखं होतं आणि तापतं. क्लिनरला स्विच दाबायला सांगा आणि त्या व्हॉल्व्हच्या एअर सिलिंडरचा रॉड पूर्ण परत येतो का, हे डोळ्यांनी बघा.

बीएस-6 गाड्यांत धुराच्या रंगावरून निदान करणाऱ्यांची पंचाईत होते. काजळी डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) अडवतो, बाहेर काहीच दिसत नाही. त्यात न्हावा-शेवाच्या रांगेत तासन्‌तास आयडल आणि नंतर यार्डापर्यंतची छोटी फेरी. एक्झॉस्ट कधी पुरेसा तापतच नाही. त्यावर ड्रायव्हर रीजनचं (डीपीएफ तापवून काजळी जाळण्याचं) बटण बंद ठेवतो. डीपीएफ भरत गेला की ईसीएम पॉवर कापतो. उभ्यानं रीजन करायचं तर मोकळ्या जागी करा, भिवंडीच्या गोदामात पुठ्ठ्यांशेजारी नाही. आणि लगेच पुन्हा भरला तर काजळी का होते ते शोधा. हवेची गळती किंवा गळका इंजेक्टर, दोन्हींचा परिणाम डीपीएफवरच दिसतो. साचलेली राख मात्र रीजननं जळत नाही, त्यासाठी तो उतरवून साफ करावा लागतो.

ईसीएमनं कापलेली पॉवर

डीईएफमध्ये (बीएस-6 गाडीच्या एक्झॉस्टमध्ये फवारल्या जाणाऱ्या युरियाच्या द्रावणात) युरिया 32.5 टक्के असतो. शेतीचा युरिया बादलीत ढवळून ओतला की डोसर (ते द्रावण फवारणारा भाग) जाम होतो. मग बीएस-6 गाडी आधी टॉर्क 25 टक्क्यांनी घटवते आणि तरीही दुर्लक्ष झालं तर ताशी 20 किलोमीटरवर आणून सोडते. शंका आली तर रिफ्रॅक्टोमीटरनं (युरियाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणानं) दोन थेंब तपासा. चुकून डीईएफच्या टाकीत डिझेल पडलं असेल, तर किल्लीसुद्धा फिरवू नका, आधी टाकी रिकामी करून धुवा.

उन्हाळ्यात दुपारी, ट्रॅफिकमधून सुटल्यावर पॉवर पडते आणि रात्री ठीक असते, तेव्हा रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्या मधली जागा बघा. तिथे धूळ, सिमेंट, पिशव्यांचे तुकडे चटईसारखे बसलेले असतात. पाणी पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, कमी दाबानं मारा. प्रेशर वॉशर जवळून लावला तर फिन्स वाकतात आणि होती तेवढी हवाही बंद होते.

इनलाइन पंपाच्या जुन्या गाडीत सील तोडून डिझेल वाढवणारे मेस्त्री अजून भेटतात. दोन फेऱ्या गाडी पळते, मग काळा धूर आणि तापलेला एक्झॉस्ट, शेवटी पिस्टनचा माथा वितळतो. त्याऐवजी बूस्ट पाइप पंपाला जिथे लागतो तिथला डायफ्राम फाटलाय का आणि अॅक्सिलरेटरची लिव्हर शेवटच्या स्टॉपपर्यंत पोचते का, एवढं आधी बघा.