इंजिन बदललेली जुनी कॅम्पर व्हॅन घेताना या चुका टाळा

गोव्यात हरमल-मांद्र्याकडे विकायला निघालेली कॅम्पर व्हॅन पाहणारे लोक बिछाना, शेगडी आणि टपावरचे सोलर पॅनल निरखून पाहतात. इंजिनाचा विषय मात्र "ते बदललेले आहे" या विक्रेत्याच्या एका वाक्यावर मिटतो. ते कुठून आणले, कोणी बसवले आणि त्याबरोबर आणखी काय बदलले, हे कोणी विचारत नाही.

सर्वांत महागात पडते ती नव्या इंजिनाला थंड ठेवणारी जुनी यंत्रणा न तपासण्याची चूक. फोंड्यातील माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अशीच एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेतली. पणजी-मडगाव रस्त्यावर ती सुरेख धावत असे. बेळगावला निघाले असता चोर्ला घाटात बॉनेटमधून वाफ येऊ लागली, तरी तापमानाचा काटा खालच्या खुणेवरून हललेला नव्हता. नव्या इंजिनाचा सेन्सर जुन्या मीटरशी जुळत नव्हता, म्हणून वायरीला चिकटपट्टी गुंडाळून ती मागे ढकललेली होती; पंख्याभोवतीचे आवरण आड येते म्हणून काढलेले आणि थर्मोस्टॅटही (इंजिनाच्या तापमानानुसार थंड करणाऱ्या पाण्याचा प्रवाह उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) गायब. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधले सील) तर गेलेच, हेडही वाकले. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढणे म्हणजे दुखणे झाकणे होय, आणि हा झटपट उपाय सुचवणाऱ्या मेकॅनिककडे मी पुन्हा जात नाही.

मी स्वतः सकाळी लवकर जातो, इंजिन आधी सुरू करू नये असे विक्रेत्याला बजावतो आणि पोहोचताच बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवतो. ते कोमट लागले, म्हणजे आधीच सुरू केलेले असेल, तर परत फिरतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण दिसली, तरीही तेच. मग इंजिन सुरू करून तापमानाचा काटा हळूहळू वर चढताना डोळ्यांनी पाहिल्यावर विक्रेत्याला शेजारी बसवून अनमोड घाट गाठतो. मिरामारपर्यंतच्या सपाट रस्त्यावरील फेरीला चाचणी म्हणणाऱ्यांना घाई नडते.

दुसरी चूक कागदांची. ब्लॉकवर कोरलेला इंजिन क्रमांक आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा, कारण मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीत असावी लागते. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा तपासणीत हा फरक उघड होतो, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीही त्यावर बोट ठेवू शकते. "नोंद नंतर करून घेऊ" म्हणणाऱ्याकडे इंजिनाचे बिल मागावे. बिल नसेल तर सौदा सोडावा.

परदेशी नंबरप्लेटची, कार्नेवर (सीमाशुल्क न भरता गाडी तात्पुरती देशात आणण्याच्या कागदावर) आणलेली व्हॅन स्वस्त असली तरी घेऊ नये. ती सीमाशुल्क न भरता इथे विकता येत नाही. इंजिन माउंटिंगवरचे ओबडधोबड वेल्डिंग दिसल्यास क्लच आणि गिअरबॉक्सही तपासून घ्यावेत. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या चॅसीला ताजा काळा रंग दिलेला असेल, तर मी खाली वाकून रंगाखाली गंज आहे का, हे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहतो. विक्रेते रागावतात, पण त्याला माझा इलाज नाही.