भुलीतून जागे होताना लहान मूल बिथरू नये यासाठी काय करावे

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडते, पण शुद्धीवर येताना मूल किंचाळू लागते, हातपाय झाडते, सलाइनची नळी ओढते आणि समोर उभ्या असलेल्या आईलाही ओळखत नाही. हा हट्ट नव्हे. मेंदू पुरता जागा झालेला नसताना होणारा हा गोंधळ मुख्यतः 2 ते 5 वर्षे वयाच्या मुलांत दिसतो, बहुधा 5 ते 15 मिनिटांत आपोआप ओसरतो आणि मुलाला तो सहसा आठवतही नाही. तो टाळण्याचे बरेचसे काम मात्र मूल झोपण्यापूर्वीच करायचे असते.

सर्वप्रथम भूलतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलावे. मूल अनोळखी माणसांना बिचकते का, पूर्वी भूल दिली असता ते असेच बिथरले होते का, हे न विचारताही सांगावे, कारण त्यावरून औषधांची निवड बदलू शकते. मास्कमधून दिला जाणारा सेव्होफ्लुरेन हा वायू उग्र वासाचा नसल्याने आणि झटपट गुंगी आणत असल्याने मुलांसाठी सोयीचा असतो. पण त्यानंतर असे बिथरणे अधिक आढळते. म्हणून जोखीम जास्त असलेल्या मुलाला शिरेतून प्रोपोफोलची भूल देणे किंवा जोडीला डेक्समेडेटोमिडिन हे शांत करणारे औषध वापरणे असे पर्याय असतात. निर्णय अर्थातच भूलतज्ज्ञांचा. पालकांनी निःसंकोच विचारावे, एवढेच.

दुसरे, भीती कमी करावी. झोपताना घाबरलेले मूल उठतानाही बिथरण्याची शक्यता अधिक असते. ‘काही होणार नाही’ असे खोटे आश्वासन देण्यापेक्षा, ‘तोंडावर मास्क लावतील, तू झोपशील आणि उठल्यावर मी जवळ असेन’ असे सोप्या शब्दांत सांगावे व घरी बाहुलीला मास्क लावण्याचा खेळ खेळावा. मास्क लावेपर्यंत आवडता व्हिडिओ दाखवला तरी चालेल. एरवी ज्या मोबाइलवरून आपण मुलांना रागावतो, तो येथे खरोखर कामी येतो. पालकाला आत थांबू देत असतील, तर जो अधिक शांत राहू शकेल त्यानेच जावे, कारण रडवेल्या पालकाची घालमेल मुलाला लगेच कळते.

उपवासाची वेळ नेमकी विचारून घ्यावी. घन आहार साधारण 6 तास आधी बंद करतात, मात्र पाण्यासारखे स्वच्छ द्रव अनेक ठिकाणी 2 तास आधीपर्यंत चालतात. तहानलेले मूल विनाकारण चिडचिडे होते.

तिसरे, वेदनाशमन. कान-नाक-घसा आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियांनंतर हा त्रास अधिक दिसतो. मूल जागे होण्यापूर्वीच वेदनाशामक दिले जाईल का, शक्य असल्यास शस्त्रक्रियेचा भाग बधिर केला जाईल का, हे आधीच विचारावे. अर्थात, वेदना नसलेल्या एमआरआयनंतरही काही मुले बिथरतात, त्यामुळे केवळ वेदनाशामकावर विसंबता येत नाही.

जागे होण्याच्या वेळी मंद प्रकाश आणि शांतता असावी. मुलाला हलवून उठवू नये, हाकांचा भडिमार करू नये. ते आपोआप डोळे उघडेपर्यंत थांबावे. तरीही ते बिथरलेच, तर समजावण्याचा फारसा उपयोग नसतो. ते पडू नये, नळी निघू नये, एवढे पाहावे आणि परिचारिकेला बोलवावे, कारण ऑक्सिजन किंवा रक्तातील साखर कमी होणे, वेदना, भरलेले मूत्राशय ही कारणे आधी वगळावी लागतात.

घरी आल्यावर काही दिवस झोपमोड, अंथरूण ओले होणे किंवा आईला चिकटून राहणे दिसू शकते. त्यासाठी मुलाला रागावू नये. हे लांबत गेल्यास डॉक्टरांना सांगावे.