दिवाळीत घर भरलेलं असताना: आग लागू नये म्हणून, आणि लागलीच तर

दिवाळीतली आग म्हटलं की डोळ्यांसमोर फटाके येतात. घराच्या आत मात्र पेट घ्यायच्या जागा वेगळ्या असतात: तळणाची कढई, एक्स्टेन्शन बोर्ड, समई आणि गॅलरीत साठलेली रद्दी. एरवी यांतल्या प्रत्येकीवर कुणाचा तरी डोळा असतो. भाऊबीजेला बारा-पंधरा माणसं जमली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. म्हणून तयारी माणसं नेमण्यापासून सुरू करा. तळणाला एक, दिव्यांना एक, पोरांच्या फटाक्यांना एक, आणि नाव घेऊन सांगा. ‘कुणीतरी लक्ष ठेवा रे’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

धनत्रयोदशीच्या आधी

दिवाळीची साफसफाई हे आगीच्या दृष्टीने अडचणीचं काम आहे. पुठ्ठे, जुनी वर्तमानपत्रं, फाटकी गादी हे सगळं गॅलरीत जाऊन बसतं, रद्दीवाला दिवाळीनंतरच येतो, आणि मधल्या चार रात्री समोरच्या सोसायटीतले रॉकेट नेमके तिथे उतरतात. रद्दी आधी विका. रंगकाम झालं असेल तर उरलेला थिनर आणि टर्पेंटाइन घट्ट बंद करून गॅलरीतून आणि स्वयंपाकघरातून हलवा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत पणतीपर्यंत पोचते.

संध्याकाळी सात ते दहा वाळत घातलेले कपडे आत घ्या आणि खिडक्यांच्या काचा लावा. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्यांनी तर नक्कीच.

तळण

घरातल्या फराळात सगळ्यात धोक्याचं काम हेच. तळताना तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसला असतं. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल २३० अंशांच्या आसपास धूर सोडू लागतं, आणि आणखी शंभरएक अंश चढलं की ज्वाळेचा स्पर्श न होताही स्वतःहून पेटतं. मधला वेळ काही मिनिटांचाच असतो. दारावरची बेल वाजली, फोन आला, कढई मोठ्या आचेवर राहिली, की तेवढं पुरतं. ओट्यापासून हलायचं तर आधी गॅस बंद, मग बेल.

दोन-तीन घाणे काढलेलं तेल ताज्या तेलापेक्षा लवकर धुरतं, कारण चकलीचे तुकडे आणि शंकरपाळ्याचं पीठ तळाशी जळत राहतं. ते गाळून घ्या. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. ओला झारा तेलात घातला की पाण्याची वाफ होऊन तेल काठावरून बर्नरवर उडतं. तेल निथळायला पसरलेली वर्तमानपत्रं शेगडीला लागून नकोत, तेल प्यायलेला कागद वातीसारखा जळतो. आणि ज्या कढईत तळताय तिच्यावर पूर्ण बसेल असं धातूचं झाकण किंवा परात तळण सुरू करण्याआधीच हाताशी ठेवा. आगीसाठी घरात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

तेल पेटलंच, तर या क्रमाने:

१. गॅस बंद करा. बटणापाशी ज्वाळा असतील तर सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा कॉक बंद करा.

२. झाकण स्वतःच्या बाजूने पुढे सरकवत कढईवर न्या, म्हणजे ज्वाळा तुमच्यापासून दूर राहते. वरून टाकू नका. झाकण नसेल तर सुती टॉवेल भिजवून घट्ट पिळून तसाच पांघरा. पाणी गळता कामा नये.

३. किमान वीस मिनिटं उघडून बघू नका. तेल अजून तितकंच तापलेलं असतं, हवा मिळाली की पुन्हा भडकतं.

४. पाणी टाकू नका. पाणी जड असल्यामुळे तळाशी जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. एका लिटरची साधारण १७०० लिटर. ती वाफ पेटलेलं तेल छतापर्यंत उडवते.

५. कढई उचलून मोरीत न्यायचा विचारही नको. पेटती कढई हातात असताना माणूस दचकतो आणि तेल अंगावर, जमिनीवर सांडतं.

पीठही टाकू नका, उडालेलं कोरडं पीठ स्वतः पेट घेतं.

गॅस

पुण्यात काही घरांत लाल सिलिंडर, काहींत एमएनजीएल या कंपनीचा पाइप गॅस. दोन्हींचं वागणं उलटं आहे. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत आणि ओट्याखालच्या कपाटात साठतो. पाइपातला गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडरवाल्यांनी दारं-खिडक्या उघडून खालची हवा मोकळी करायची, पाइपवाल्यांनी वरच्या झडपा आणि जाळ्या कधीच बंद करायच्या नाहीत.

सणाआधी सिलिंडरची नळी बघा. आयएसआय छापाची नारिंगी सुरक्षा नळी, लांबी दीड मीटरपर्यंत, पाच वर्षांनी बदलायची. मधे वाकवून बघा, चिरा दिसल्या तर पाच वर्षांची वाट बघू नका. जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती, काडी लावून तपासणं म्हणजे आत्महत्या. सिलिंडरच्या कड्याच्या पट्टीवर ‘B-27’ असं काही लिहिलेलं असतं, ती चाचणीची मुदत: A म्हणजे जानेवारी ते मार्च, B एप्रिल ते जून, C जुलै ते सप्टेंबर, D ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. मुदत उलटलेला सिलिंडर डिलिव्हरीवाल्याकडून घेऊच नका. शेगडी सिलिंडरच्या वरच्या पातळीवर, सिलिंडर उभा.

वास आला तर: सगळ्या ज्वाळा विझवा, म्हणजे निरांजन आणि उदबत्तीसुद्धा. रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरवर टोपी लावा, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळी पडते. फोन बाहेर जाऊन करा. एलपीजी गळतीसाठी चोवीस तास चालणारा क्रमांक १९०६. पाइप गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो, तो आत्ताच फोनमध्ये साठवा.

गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये पन्नास माणसांचा स्वयंपाक असेल तर मोठ्या भट्टीला घरचा १४.२ किलोचा सिलिंडर जोडायची आपल्याकडची सवय वाईट आहे. तो व्यावसायिक वापरासाठी नाही, आणि भट्टीचा दाब घरच्या नळीला झेपत नाही. केटररला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणि त्याची स्वतःची नळी आणायला सांगा.

वीज

माळांनी घर जळतं ते वीज जास्त खाल्ल्याने नाही. एलईडीची माळ पाच-दहा वॅटची. तपकीर गल्लीतून आणलेल्या दहा माळा मिळून एका जुन्या बल्बएवढी वीज घेतात. धोका असतो तो सांध्यात: दोन वायरी पिळून त्यावर सेलोटेप, खिडकीच्या अॅल्युमिनियम चौकटीत चेपलेली तार, ग्रिलवर घासून सोललेलं आवरण, आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. सैल सांध्यातून तीच वीज जाताना तिथे उष्णता साठते, आणि एमसीबीला (प्रवाह वाढला की आपोआप बंद पडणाऱ्या बटणाला) ते कळत नाही, कारण एकूण प्रवाह वाढलेलाच नसतो.

खऱ्या भाराचा हिशेब साधा आहे. सहा अँपिअरच्या सॉकेटला २३० व्होल्टवर जास्तीत जास्त १३८० वॅट. मिक्सर ७५० आणि इलेक्ट्रिक किटली १५०० वॅटची, दोन्ही एकाच छोट्या बोर्डावर लावली की झाली गडबड. इंडक्शन, किटली, हीटर, इस्त्री यांना भिंतीवरचं सॉकेट, आणि १५०० वॅटच्या किटलीला, २००० वॅटच्या इंडक्शनला तर १६ अँपिअरचंच. गुंडाळीचा एक्स्टेन्शन पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर उष्णता बाहेर टाकू शकत नाही. बोर्डाला बोर्ड जोडू नका. गालिच्याखालून वायर नेऊ नका.

सगळं लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर काढा. सॉकेट तपकिरी झालेलं असेल किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल तर त्याच दिवसापासून ते सॉकेट वापरातून बाद.

आकाशकंदिलात सात-नऊ वॅटचा एलईडी. कागदी कंदिलात साठ-शंभर वॅटचा पिवळा बल्ब अजून दिसतो, त्याची काच कागदाला टेकली की कागद आधी पिवळा पडतो, मग काळा. एलईडी असला तरी होल्डर मधोमध राहील असा तारेने बांधा.

समई, पणत्या

समई पडद्यापासून किमान तीन फूट दूर, खाली मोठी परात. गौरी-गणपतीत रात्रभर समई तेवत ठेवतात तेव्हा मखराचा कापड आणि क्रेप कागद वरच्या बाजूने तपासा: ज्वाळेपेक्षा वरची हवा जास्त लांबपर्यंत तापते. पेठांतल्या जुन्या घरांत उंदीर तेलाची जळती वात ओढून नेतात, गच्चीवर कावळे नेतात. रात्री काचेची चिमणी किंवा जाळी ठेवा, नाहीतर विद्युत समई लावा. देवाची त्याला हरकत असल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

मेणाच्या पणत्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका, चार बोटांचं अंतर हवं. जवळ असल्या की सगळं मेण पातळ होतं आणि वातीऐवजी त्याची वाफच पेटते. तीही पाण्याने विझवू नका, झाकण ठेवा. पणतीत संपत आलेलं तेल ती जळत असताना भरू नका.

फटाके

सुती कपडे, बंद चपला, ओढणी आणि पदर खोचलेला, पाण्याची बादली आणि वाळूची घमेली बाजूला. फुलबाजीची तार विझल्यावरही भाजते, ती सरळ बादलीत. न वाजलेल्या फटाक्यावर वाकून बघायचं नाही, अर्ध्या तासाने लांबून पाणी ओतायचं. भुईनळा कुणी हातात धरत असेल तर तो जप्त करा, मग तो मेहुणा असला तरी.

बाहेर पडायची वाट

पुण्यातल्या फ्लॅटची खरी अडचण इथे आहे. चोरांसाठी सेफ्टी डोअरला कुलूप, गॅलरीला पूर्ण बंद ग्रिल, दारात वीस जोड चपला, जिन्यात सायकली आणि कुंड्या. धूर झाला की दिवे जातात आणि माणूस किल्ली शोधत बसतो. माणसं घरात असताना दाराला कडी पुरे. कुलूपच हवं असेल तर किल्ली दाराशेजारी आतल्या भिंतीवर, बाहेरून हात पोचणार नाही अशा जागी, आणि पाहुण्यांनाही ती दाखवा. ग्रिलमध्ये मोठा माणूस निघेल एवढं उघडं होणारं दार करून घ्या. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी दाराशी किंवा जिन्यात चार्ज करू नका.

घरातल्यांना एक जागा ठरवून द्या, गेटबाहेरचं झाड किंवा समोरचं दुकान, म्हणजे मोजणी करता येते. लिफ्ट वापरायची नाही. धूर वर जमतो, म्हणून वाकून किंवा रांगत बाहेर. निघताना मागचं दार ओढून घ्या, बंद दार आगीला बराच वेळ अडवतं. जिन्यातच दाट धूर असेल तर घरात परत या, दार लावा, फटीत ओले टॉवेल कोंबा आणि रस्त्याकडच्या गॅलरीत जाऊन दिसाल असे उभे राहा.

कसबा, शनिवार, नारायण पेठेतल्या वाड्यांत जिनाही लाकडी, तुळयाही लाकडी. शनिवारवाड्याच्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या त्याही लाकडीच होत्या. तिथे आग विझवायचा विचार मनात येण्याआधी माणसं बाहेर हवीत.

फोन १०१ किंवा ११२. सांगताना क्रम असा: आधी पत्ता आणि ओळखीची खूण, मग काय पेटलंय, कुठला मजला, आत कुणी अडकलंय का. एकाने गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. पाहुण्यांच्या गाड्या गेटसमोर लावलेल्या असतील तर बंब आत येत नाही, म्हणून त्या लावतानाच दुसरीकडे पाठवा.

अग्निशामक आणि भाजणं

आयएसआय मार्कचं एबीसी पावडरचं (कागद-लाकूड, द्रव इंधन आणि गॅस, तिन्ही आगींवर चालणारं) दोन किंवा चार किलोचं नळकांडं, दाराजवळ, शेगडीजवळ नाही. काटा हिरव्यात हवा. दोन किलोचं साधारण दहा सेकंद चालतं, म्हणजे एकच संधी: पिन काढा, आगीच्या बुडाशी रोखा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा, पाठ दाराकडे. पेटत्या कढईवर ते जवळून मारलं तर तेलच उडतं, तिथे झाकणच बरं. सोसायटीच्या यंत्रणेसाठी २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीचा ‘बी’ फॉर्म जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. तुमच्या सेक्रेटरींना शेवटचा दाखवायला सांगा.

कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा, किंवा घोंगडी अथवा सुती सतरंजी गुंडाळा, नायलॉनची नको. भाजल्यावर बांगड्या-अंगठ्या लगेच काढा, कारण सूज येते, आणि भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नको. फोड फोडू नका, चिकटलेला कपडा ओढू नका, स्वच्छ सुती कापड सैल पांघरा. चेहरा, हात, गुप्तांग, तळहातापेक्षा मोठी जखम किंवा लहान मूल असेल तर १०८ ला फोन.

नळकांडं एकदा जरी दाबलं असेल, अर्धा सेकंद का असेना, तरी ते भरून घ्या. पावडर झडपेत अडकते आणि दाब दोन-चार दिवसांत हळूहळू निघून जातो.