मुख्याध्यापकपदाचा अर्ज चाळणीतच अडकत होता, तो असा सुटला

अडचण अर्जासोबतच्या निवेदनात, म्हणजे या पदाला आपण का योग्य आहोत हे सांगणाऱ्या मजकुरात होती. 'परीक्षा विभाग सांभाळला, स्नेहसंमेलनाचे नियोजन केले' अशी कामांची जंत्री होती. निवड समितीला त्यातून एवढंच कळतं की माणूस कष्टाळू आहे. शाळा चालवेल का, हे कळत नाही.

आधी जाहिरातीतले निकष कागदाच्या डाव्या बाजूला लिहिले आणि प्रत्येकासमोर एक पुरावा. पुरावा म्हणजे चार गोष्टी: अडचण काय होती, निर्णय कोणता घेतला, विरोध कुठून आला, वर्षभराने काय बदललं. उदाहरणार्थ, गैरहजेरी. नुसतं 'उपस्थिती वाढवली' पुरत नाही. कोणत्या इयत्तेत, कोणत्या वारी मुलं गळत होती आणि पालकांना फोन कोण करायचं, हे लिहावं लागतं. आकडा छोटा असला तरी खरा हवा, कारण मुलाखतीत त्यावर प्रश्न येऊ शकतो.

दोन रकाने रिकामे राहिले: अंदाजपत्रक आणि सहकाऱ्यांच्या तासाचं निरीक्षण. अनेक चांगल्या शिक्षकांचे हेच रिकामे असतात. उपाय शब्दांत नाही, कामात आहे. लेखनिकाशेजारी बसून एका वर्षाचा जमाखर्च समजून घेतला, पुढच्या वर्षाचं वेळापत्रक बनवण्याचं काम मागून घेतलं. निरीक्षणानंतर एकच सुधारणा सांगायची आणि पंधरवड्याने तोच तास पुन्हा पाहायचा. एकदम सहा सुचवल्या की एकही होत नाही.

निवेदन दोन पानांत बसवलं. शाळेचं नाव बदलून तोच अर्ज दुसरीकडे पाठवता येत असेल, तर तो अजून कच्चा आहे.