अधिकाऱ्यांची जुनी पिस्तुलं जमवायचीत? कहाणी नंतर ऐका, आधी शिक्के वाचा

सुरुवातीचं पटकन उरकतो. कायदा काय म्हणतो ते लायसन्स देणाऱ्या ऑफिसात लेखी विचारा, विकणाऱ्याच्या "अहो अँटिक आहे, काही लागत नाही" वर जाऊ नका, कारण अँटिक कशाला म्हणायचं हे देशागणिक बदलतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं अँटिक धरतात, दुसरीकडे नियम अगदीच वेगळे. हातात घेतलं की आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मग चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, उघडून डोळ्यांनी बघा. आणि गोळी झाडून बघायचा विचार डोक्यातून काढून टाका.

विषय छोटा धरा. एक देश, एक काळ, जमलं तर एकच मॉडेल.

आता "ऑफिसरचं पिस्तूल" म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक सैन्यात वेगळं आहे आणि इथेच निम्मे लोक फसतात. पहिल्या महायुद्धात बरेच ब्रिटिश अधिकारी आपलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घ्यायचे, सरकारी .४५५ इंच मापाची गोळी चालली म्हणजे झालं. जपानी अधिकारी पण पिस्तूल आणि तलवार दोन्ही स्वतः विकत घ्यायचे. झारच्या रशियात १८९५ चा नागान रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्यांना डबल अ‍ॅक्शन मिळायचा, शिपायांना सिंगल, म्हणजे तिथे घोडा न चढवता ट्रिगर ओढला तर काम करतो की नाही यावरच पहिला अंदाज येतो (पण पुढे बदल केलेलेही नग आहेत, तेव्हा अंदाजच समजा). अमेरिकेत जनरल लोकांना कोल्टचं छोटं खिशातलं पिस्तूल मिळायचं, .३२ किंवा .३८० मापाचं. आणि जर्मन लुगर, म्हणजे पी ०८, हे मशिनगनवाल्या शिपायांकडे पण असायचं, त्यामुळे प्रत्येक लुगर कुठल्यातरी साहेबाचं होतं असं सांगणाऱ्याला सरळ नमस्कार करा.

आता मुख्य मुद्दा, खरं-खोटं ओळखणं. मला हे जमायला बराच काळ लागला, कारण जो तो एकच सांगायचा, नंबर जुळले की झालं. हा सल्ला अर्धवट आहे. लुगरमध्ये पूर्ण सिरियल नंबर मोठ्या भागांवर असतो आणि छोट्या भागांवर त्याचे शेवटचे दोन आकडे, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे खोटं करणाऱ्यालाही माहीत आहे. एखाद्या भागाचा जुना आकडा घासून काढायचा, नवीन ठोकायचा, वरून ब्लूइंग (पोलादावरचा काळा-निळा रासायनिक थर), की झालं "ऑल मॅचिंग". म्हणून नंबर काय आहे याच्याआधी तो कसा बसलाय ते बघा.

खोली थोडी अंधारी करा, टॉर्च जवळजवळ आडवा धरा, प्रकाश पृष्ठभागावरून सरकत गेला पाहिजे. आकडा घासून काढला असेल तर तिथे हलकी बशी दिसते, स्टीलची पट्टी उभी ठेवली तर खालून उजेडाची फट येते. नवीन ठोकलेल्या आकड्याच्या कडेला धातू वर आलेला असतो, नखाला लागतो. मग एकाच पिस्तुलावरचे ४, ७ आणि ९ शेजारी शेजारी फोटो काढून मोठे करून बघा, एकाच मापाच्या आकड्यांचं वळण वेगळं आलं तर विकणाऱ्याला प्रश्न विचारायला लागा.

नंतर पिन आणि स्क्रूची भोकं. मूळ काम असेल तर भोकाची कड धारदार असते, मशिनवर पॉलिश केलं की ती गोल होऊन नरसाळ्यासारखी होते. अक्षरं पुसट पण ब्लूइंग मात्र नवंकोरं, ब्लूइंगच्या खाली गंजाचे खड्डे, हे दिसलं की समजायचं, वरून कीर्तन आतून तमाशा. लुगरच्या १९३७ पर्यंतच्या नगांवर ट्रिगर आणि काही छोटे भाग गवती पिवळ्या रंगाचे असायचे, १९२० च्या आधीच्या पिस्तुलावर तेच काळे-निळे दिसले तर काहीतरी झालेलं आहे. झिजलेलं पण न छेडलेलं पिस्तूल मी चकचकीत पिस्तुलाच्या आधी घेईन, कधीही.

शिक्के कहाणीची परीक्षा घेतात, आणि मला यातच सगळ्यात मजा येते. ब्रिटिश रिव्हॉल्व्हरवर सरकारी बाणाचा शिक्का असेल तर तो सरकारी माल. अधिकाऱ्याकडे नव्हताच असं नाही, पण "साहेबांनी दुकानातून खास घेतलेला" ही कथा लटकी पडते. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने तो विकून टाकलाय. वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं चक्र) मागून तासलेला असेल तर .४५ ऑटो गोळीसाठी केलेला बदल आहे, असे ढिगाने आहेत. जपानी टाइप १४ नांबू पिस्तुलाच्या फ्रेमवर उजवीकडे तारीख असते, शोवा या जपानी कालगणनेची खूण आणि पुढे १८.५ असं असेल तर १८ मध्ये १९२५ मिळवायचे, म्हणजे मे १९४३. आता मालक म्हणाला की हे १९४२ ला रणांगणावर सापडलं, तर बोलायचं काहीच उरत नाही. माउझर सी ९६ या जर्मन पिस्तुलाच्या मुठीवर लाल ९ कोरलेला दिसला की लोक उड्या मारतात. प्रशियाच्या सैन्याने पहिल्या महायुद्धात ९ मिमीची दीड लाखाची ऑर्डर दिली ती ही, पण लाल ९ च्या मुठी नव्याने पण बनतात, त्यामुळे नळीचं माप बघितल्याशिवाय विश्वास नको.

कागदपत्रं. पिस्तुलावर नाव कोरलंय म्हणून भाळू नका, कोरणं सगळ्यात सोपं. त्या नावाचा अधिकारी त्या वर्षी त्या हुद्द्यावर होता का ते छापील आर्मी लिस्टमध्ये (अधिकाऱ्यांच्या सरकारी यादीत) बघा, हुद्दा चुकला की नाव गेलं. कोल्टचं आर्काइव्ह लेटर, म्हणजे कंपनीच्या जुन्या नोंदींवरून मिळणारं पत्र, नग कधी आणि कुठे पाठवला ते सांगतं, कोणी कमरेला लावला ते नाही. अमेरिकन सैनिकांना युद्धातली लूट घरी न्यायला जे कागद मिळायचे त्यावर कधी कधी सिरियल नंबर असतो, तसा असेल आणि जुळत असेल तर जपा, नुसतं "एक पिस्तूल" लिहिलं असेल तर तो कुठल्याही पिस्तुलाला लागू पडतो. आणि हे सगळं पैसे देण्याआधी करायचं, नंतर पदरात पडलं पवित्र झालं.

होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं चामडी म्यान, वेगळं बघा. आतल्या चामड्यावर वर्षानुवर्षांचा ठसा त्याच पिस्तुलाच्या आकाराचा हवा, शिवण एकाच दोऱ्याची, पी ०८ च्या होल्स्टरमध्ये झाकणाखाली खोलायच्या हत्याराचा छोटा कप्पा आणि पुढच्या कडेला जादा मॅगझिनची जागा. चामड्याला तेल पाजा असं सांगणारे उंटावरचे शहाणे पुष्कळ भेटतील, नका पाजू, चामडं काळं पडतं, मऊ होऊन टाके सुटतात. आणि पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही, अजिबात नाही. चामडं ओल धरतं, त्यातल्या आम्लाने पोलाद गंजतं, रिव्हेटवर हिरवा गंज चढतो तो वेगळाच.

ठेवताना हातमोजे, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, सिलिका जेल, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, कुलूपबंद कपाट. पॉलिश नाही, नवीन ब्लूइंग नाही, ते हात दाखवून अवलक्षण आहे.

प्रत्येक शिक्क्याचा जवळून फोटो, नंबर आणि कोणाकडून कधी घेतलं ते वहीत लिहा. मूळ कागद पिस्तुलाबरोबर एकाच डब्यात ठेवू नका, तेलाचा डाग पसरतो आणि पहिला घास शाईच्या सहीचा घेतो.