कॉलेज बदलताय? सिलॅबस घेतलात का?

मार्कशीट, टीसी, मायग्रेशन, आधार, फोटो हे सगळेच आठवणीने घेतात, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते सिलॅबसबद्दल. ज्या वर्षी तुम्ही पेपर दिलात त्याच वर्षी लागू असलेला, युनिटवार, तास आणि क्रेडिट लिहिलेला, कॉलेजचा सही-शिक्का असलेला सिलॅबस. मी तो नेला नव्हता. त्यापायी संख्याशास्त्राचा ४ क्रेडिटचा पेपर, चांगल्या गुणांनी पास झालेला, नव्या कॉलेजात ज्युनियर मुलांबरोबर बसून पुन्हा द्यावा लागला.

पहिलं काम एबीसीचं, म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, जिथे तुमचे क्रेडिट ऑनलाइन खात्यात जमा होतात. डिजिलॉकरमध्ये जाऊन प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट दिसतायत का बघा. नसतील तर ते तुम्हाला स्वतः भरता येत नाहीत, संस्थेनेच चढवावे लागतात. म्हणून जुन्या कॉलेजात अजून तुमचं नाव आहे तोवर परीक्षा विभागाच्या मागे लागा. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, तेही आत्ताच तपासा. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं चालतात, त्यामुळे मध्ये खंड पडला असेल तर वर्षं मोजा.

आता नीट ऐका. क्रेडिट खात्यात असणं वेगळं आणि नव्या कॉलेजने ते धरणं वेगळं. खात्यात फक्त पेपरचं नाव, कोड आणि आकडा दिसतो. आत काय शिकवलं ते तिथे नसतं, आणि समकक्षता, म्हणजे तुमचा जुना पेपर त्यांच्या पेपरच्या बरोबरीचा आहे का, हे ठरवणारे नेमकं तेच बघतात. नव्या कॉलेजात माझ्यासमोर मॅडमनी त्यांचा सिलॅबस उघडला, तिसऱ्या युनिटवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘संभाव्यता वितरणं झालीत का तुमची?’ झाली होती. पण दाखवायला कागद नव्हता. मोबाईलवर जुन्या कॉलेजच्या साइटवरून काढून दिला, तर तो सुधारित सिलॅबस निघाला, पेपरचा कोडच वेगळा. तिथेच विषय संपला. म्हणून साइटवर मिळेल या भरवशावर राहू नका. विभागप्रमुखांकडून प्रत्येक पेपरचा सिलॅबस, प्रत्येक पानावर शिक्का मारून घ्या. प्रॅक्टिकलचाही. तिथे एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात, थिअरीला १५, त्यामुळे तासांचा आकडा छापलेला हवाच.

टीसी काढायची घाई अजिबात करू नका. कोणते पेपर धरले, किती क्रेडिट मिळाले, कोणत्या सेमिस्टरला प्रवेश, हे नव्या कॉलेजकडून लेखी घ्या, मगच टीसी काढा. ‘होऊन जाईल’ हे तोंडी आश्वासन पुढच्या महिन्यात कोणालाही आठवत नाही. आणि लेखी मागायला जाताना सिलॅबस सोबत हवा, हे परत सांगतोय.

एटीकेटी राहिली असेल तर ती लपवू नका, आधीच विचारा. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान किती क्रेडिट करावे लागतात तेही विचारा, नाहीतर शेवटच्या वर्षाला अडकाल.

बाकी नेहमीचंच. नो ड्यूज, लायब्ररीची पुस्तकं, डिपॉझिटची पावती, मूळ कागद देण्याआधी स्कॅन. नव्या कॉलेजात एलिजिबिलिटी फॉर्मची तारीख. स्कॉलरशिप असेल तर तिथे कॉलेज बदलल्याची नोंद.

आणि बॅग बंद करण्याआधी सिलॅबसच्या पानांवरचे शिक्के एकदा मोजून घ्या.