खाणकंपन्यांच्या सामाजिक कामात यायचंय? विट्याच्या एका मुलीचा अनुभव

एमएसडब्ल्यू किंवा भूगर्भशास्त्र करणारी आपल्या सांगली-साताऱ्याकडची मुलं मला हल्ली विचारतात: खाणकंपन्या ‘स्टेकहोल्डर एंगेजमेंट’साठी, म्हणजे प्रकल्पाशी संबंध येणाऱ्या लोकांशी बोलण्याच्या कामासाठी, माणसं घेतात, त्यात नेमकं करायचं काय? मी मूळची विट्याची. पर्यावरण सल्लागार संस्थेत सामाजिक अभ्यासाचं काम करते. सुरुवात इथल्या दगडखाणी आणि खडी क्रशरपासून झाली, आता बॉक्साइट आणि लोहखनिजाचे मोठे प्रकल्प हाताळते. जे सांगते ते या कामातून आलेलं आहे.

पहिल्यांदा कायदा वाचा. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ती कंपनी घेत नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी असतो. किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते, प्रकल्पाच्या पर्यावरणीय आघात अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवला जातो, सगळ्याचं चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. तिथे मतदान होत नाही. पण आलेल्या प्रत्येक हरकतीला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं, आणि तो तक्ता बहुतेक वेळा नवख्या माणसाच्या हाती येतो. हरकत, कंपनीचं उत्तर, त्यासाठी धरलेला खर्च, मुदत. माझ्या मते सगळ्या अहवालात एवढी पानंच गावाच्या खऱ्या उपयोगाची असतात. तिथे ‘योग्य ती दक्षता घेतली जाईल’ असलं वाक्य कधी लिहू नका.

आपल्याकडच्या सुट्या, पाच हेक्टरपर्यंतच्या खाणपट्ट्यांना सहसा जनसुनावणी लागत नाही. लगतचे पट्टे मिळून क्षेत्र वाढलं की चित्र बदलतं. त्यामुळे शेजारी कुणाचे पट्टे आहेत हे तहसील कार्यालयात जाऊन पाहायची सवय लावून घ्या.

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या एका प्रस्तावाचा सारांश आम्ही गावात वाचून दाखवत होतो. धुळीची मोजणी नियमाप्रमाणे एका हंगामाची होती, दिवाळीच्या आसपासची. आकडे मर्यादेच्या आत होते. बेदाणा शेड चालवणाऱ्या एक काकी उठल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुमचं यंत्र दिवाळीत बसलं होतं. आमचा माल मार्चात जाळीवर असतो.” डिपिंग ऑइलमधून (द्राक्ष लवकर सुकावं म्हणून वापरतात ते द्रावण) काढून जाळीवर पसरलेल्या द्राक्षाला धूळ लगेच चिकटते, बेदाण्याचा रंग मरतो आणि सौद्यात दर पडतो. आमच्या नकाशावर घरं होती, शाळा होती, विहिरी होत्या. बेदाणा शेड एकही नव्हती. कुणी खोटं लिहिलं नव्हतं, शेडवाल्यांना कुणी विचारलंच नव्हतं. नंतर कंपनीने हंगामात शेडजवळ, शेडमालकांच्या समोर मोजणी करायचं लेखी कबूल केलं आणि क्रशरवर आच्छादन व पाण्याचे फवारे यांचा खर्च आराखड्यात आला. दर वर्षीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायची अटही त्यात घातली. ती अट मला फवाऱ्यांपेक्षा मोलाची वाटते.

आता ‘स्वतंत्र’ या शब्दाकडे येऊ. मोठ्या कंपन्या सल्लागार मंडळं नेमतात, त्यात प्राध्यापक, निवृत्त अधिकारी, संस्थांचे प्रतिनिधी असतात. मी तीन गोष्टी पाहते: मानधन कोण देतं, मंडळाचा अहवाल कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेर येतो का, आणि खाणीलगतच्या गावातलं कुणी त्यात आहे का. जगभर याची घडी बसते आहे. ‘आयआरएमए’ या खाणमानकाच्या संचालक मंडळावर खाणकंपन्या आणि खनिज घेणाऱ्या कंपन्यांबरोबर कामगार संघटना, स्वयंसेवी संस्था, गुंतवणूकदार आणि बाधित समुदाय यांनाही जागा आहेत. ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यो इथे 25 जानेवारी 2019 ला खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि 270 माणसं गेली. त्यानंतर 2020 मध्ये अशा बांधांसाठी जागतिक मानक आलं. धोका जास्त असलेल्या बांधांची तपासणी कंपनीबाहेरच्या तज्ज्ञ मंडळाने करावी, असं त्यात आहे. आपल्या देशात ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा निकाल प्रत्येकाने अभ्यासावा. 18 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना निर्णय घ्यायला सांगितलं, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला. गावाला विचारायचं तर ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवूनच विचारावं लागतं.

सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर करायचा खर्च, याची गल्लत मात्र करू नका. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम खर्च करावी लागते. पण रस्त्यावर पाणी मारणं किंवा परवान्याच्या अटी पाळणं त्यात दाखवता येत नाही, ते कंपनीचं वेगळं देणं आहे. गावाला कमान आणि संगणक मिळतात, विहिरीचं पाणी खाली गेल्याची तक्रार तशीच राहते, हे मी पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही.

आमच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण आहे. 1980 च्या दशकात बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने वाळूच्या बेसुमार उपशाविरुद्ध लढा दिला, थोडी वाळू स्वतः विकून धरणासाठी पैसा उभा केला आणि भूमिहीनांसकट सगळ्यांना पाण्यात वाटा असावा असं ठरवलं. खनिज कुणाचं आणि त्याचा पैसा कुठे जावा, या प्रश्नावर पुण्या-मुंबईच्या कार्यशाळेपेक्षा तिथल्या जुन्या माणसांजवळ बसून जास्त कळतं.

नोकरीच्या मुलाखतीला जाण्यापूर्वी त्या कंपनीचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची सामाजिक जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल उघडा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने तो मोठ्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून सक्तीचा केला आहे. समुदायाकडून आलेल्या तक्रारी आणि वर्षाअखेर प्रलंबित राहिलेल्या, असे रकाने त्यात असतात. डझनभर गावांलगत खाणी असून तक्रारी शून्य दाखवल्या असतील, तर तक्रार कुठे आणि कुणाकडे नोंदवायची हे गावाला माहीत आहे का, असं मुलाखतीतच विचारा. पर्यावरण परवानग्यांच्या सरकारी परिवेश पोर्टलवर आपल्या तालुक्यातला एखादा प्रस्ताव शोधा, त्याचा सारांश छापून घ्या आणि पेन घेऊन त्या शिवारात फिरा. कागदावर नसलेली विहीर, पाणंद, मेंढरांची वाट, शेड सापडली की लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.